तेवीस बिटांचा वारसा

कोल्हापूरच्या दक्षिणेला, तलावामुळे आणि मध्यवर्ती कारागृहामुळे सर्वांना ठाऊक असलेले कळंबा हे गाव सरकारी दप्तरात ‘कळंबे तर्फ ठाणे’ या नावाने नोंदलेले आहे. त्याच करवीर तालुक्यात ‘कळंबे तर्फ कळे’ हे दुसरे गाव आहे. धाराशिव आणि यवतमाळ जिल्ह्यांत कळंब नावाची तालुक्याची ठिकाणे आहेत ती वेगळीच. एका नावाची अनेक गावे ही टपालखात्याची जुनी डोकेदुखी होती. ती दूर करण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा अंकी पिनकोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पुढचे दोन वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. ४१६ एवढे वाचले की थैली कोल्हापूरच्या वाटेला लागते. गावाचे नाव पुढे कोणीतरी वाचतोच. नेमक्या त्याच १९७२ साली पवईच्या आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन योगेन दलाल नावाचा तरुण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे निघाला होता. पुढच्या दहा वर्षांत यंत्रांच्या पत्त्यांचा प्रश्न त्याच्या हाताखालून जाणार होता, आणि त्या कामातून निघालेला एक धागा पुन्हा मुंबईत येऊन पोचणार होता. आपल्याला या लेखात त्याच धाग्याचा माग काढायचा आहे.

एकाच वेळी अनेक संगणकांना उद्देशून पाठवलेल्या निरोपाला मल्टिकास्ट म्हणतात. असा निरोप इंटरनेटच्या भाषेत एका गटाच्या पत्त्यावर निघतो, पण प्रत्यक्ष तारेवर उतरताना त्याला नेटवर्क कार्डाला समजेल असा दुसरा, हार्डवेअरचा पत्ता घ्यावा लागतो. पहिल्या पत्त्यापासून दुसरा कसा काढायचा, याचा नियम दोन ओळींत लिहून होतो. त्या दोन ओळी मात्र वीस वर्षांच्या विचारातून, तडजोडीतून आणि काटकसरीतून आलेल्या आहेत.

आरंभ तारेपासूनही नाही, हवेपासून होतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. एकाच लहरीवर सर्वांनी बोलायचे, दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, अशी त्याची रीत होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, म्हणजे झेरॉक्स पार्कमध्ये, रॉबर्ट मेटकाफ यांनी ही रीत एका जाड केबलवर आणली. २२ मे १९७३ च्या त्यांच्या टिपणात ‘इथरनेट’ हे नाव पहिल्यांदा येते. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या या प्रायोगिक जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता आणि १९७६ मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या केबलवर टाकलेला प्रत्येक शब्द जोडलेल्या सर्व यंत्रांच्या कानी पडत असे. आपला कोणता आणि दुसऱ्याचा कोणता हे ज्याने त्याने पत्ता पाहून ठरवायचे. पत्ता होता अवघ्या ८ बिटांचा. म्हणजे २५६ आकडे, आणि त्यातला शून्य सर्वांना उद्देशून केलेल्या पुकाऱ्यासाठी राखलेला. एका इमारतीला हे पुरेसे होते. निरोप एकाला पाठवा नाही तर सगळ्यांना पाठवा, एवढे दोनच मार्ग होते. मधला मार्ग, म्हणजे काही जणांनाच उद्देशून बोलण्याचा, अजून पत्त्यात उतरलेला नव्हता.

त्या मधल्या मार्गाकडे जाणारी पहिली पावले स्टॅनफर्डमध्ये पडली. दलाल तेथे विंट सर्फ यांच्या हाताखाली काम करत होते. डिसेंबर १९७४ मध्ये सर्फ, दलाल आणि कार्ल सनशाइन यांनी टीसीपी या इंटरनेटवरच्या संवादपद्धतीचा पहिला सविस्तर आराखडा लिहिला. इंटरनेटच्या दस्तऐवजांत तो ६७५ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो. पण दलालांच्या प्रबंधाचा विषय वेगळा होता: जाळ्यातल्या प्रत्येक ठिकाणी एकच निरोप कसा पोचवायचा? सर्वांना वेगवेगळी प्रत पाठवली तर तारा तुंबतात. प्रत्येक नाक्याने, म्हणजे राउटरने, आलेला निरोप सर्व दिशांना पुढे ढकलला तर तोच निरोप फिरून फिरून येत राहतो. १९७७ मध्ये प्रबंध पूर्ण झाला आणि डिसेंबर १९७८ मध्ये दलाल व मेटकाफ यांनी मिळून त्यातली मुख्य युक्ती निबंधरूपाने मांडली. प्रत्येक नाक्याने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या प्रेषकाला मला काही पाठवायचे असते, तर मी ते ज्या वाटेने पाठवले असते, त्याच वाटेने हा निरोप आला आहे का? आला असेल तर पुढे जाऊ द्यायचा, नसेल तर टाकून द्यायचा. उलट्या वाटेची ही तपासणी आज जगातल्या जवळपास प्रत्येक मल्टिकास्ट राउटरमध्ये चालते. ती लिहिणाऱ्या दोघांतला एक पवईचा विद्यार्थी होता, हे मात्र महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही.

१९७७ मध्येच दलाल झेरॉक्समध्ये दाखल झाले. तेथे इथरनेट आता प्रयोगशाळेतून बाजारात निघाले होते. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० रोजी दहा मेगाबिट इथरनेटचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पत्ता ८ बिटांवरून एकदम ४८ बिटांवर गेला. एवढी मोठी उडी का, याचे उत्तर दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांच्या १९८१ च्या निबंधात आहे. लहान पत्ते द्यायचे तर प्रत्येक जाळ्यात कोणीतरी वही घेऊन बसले पाहिजे. दोन जाळी जोडली की वह्या जुळत नाहीत आणि एकच आकडा दोघांना जातो. त्यापेक्षा प्रत्येक यंत्राला कारखान्यातच असा आकडा द्यावा, जो जगात दुसऱ्या कोणाचा नसेल. यंत्र कुठेही नेले तरी आकडा बदलायचा नाही. त्यासाठी आकड्यांचे गठ्ठे कंपन्यांना वाटायचे: ४८ पैकी पहिले २४ बिट गठ्ठ्याचे, उरलेले २४ कंपनीने आपल्या मालाला हवे तसे द्यायचे. एका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते बसतात. हे वाटप आधी झेरॉक्सकडे होते, पुढे ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले.

त्या ४८ बिटांतला एक बिट आपल्या कथेचा मूळपुरुष आहे. पहिल्या आठ बिटांतला सर्वांत कमी किमतीचा बिट शून्य असेल तर पत्ता एका यंत्राचा. तो एक असेल तर पत्ता एका गटाचा. इथरनेटवर प्रत्येक आठाच्या तुकडीतला कमी किमतीचा बिट आधी निघतो, त्यामुळे तारेवरून येणाऱ्या पत्त्याचा अगदी पहिलाच बिट कार्डाला सांगतो की हा निरोप एकाचा आहे की अनेकांचा. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बिट एक असले, तर तो सर्वांसाठीचा पुकारा. एक, काही आणि सर्व, असे तिन्ही प्रकार आता एकाच पत्त्यात मावले. त्या ‘काही’चे नेमके करायचे काय, हे त्या दिवशी फार थोड्या लोकांना ठाऊक होते. जागा मात्र राखून ठेवली गेली, आणि पुढचे सगळे त्या राखून ठेवण्यामुळे शक्य झाले.

आता आपण दुसऱ्या काठावर जाऊ. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा, म्हणजे आयपीचा, आराखडा पक्का झाला. त्याचा पत्ता ३२ बिटांचा आणि पिनकोडसारखा ठिकाण सांगणारा: पुढचा भाग जाळ्याचा, मागचा भाग यंत्राचा. इथरनेटचा आकडा मात्र ‘कोण’ एवढेच सांगतो, ‘कुठे’ सांगत नाही. दोघांची गाठ घालण्यासाठी डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये एआरपी ही पद्धत लिहिली. तीत यंत्र स्थानिक जाळ्यात पुकारा करते: हा आयपी पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो आपला हार्डवेअर पत्ता कळवतो. एकट्यासाठी हे चोख काम करते. गटाच्या बाबतीत ही युक्ती लंगडी पडते, कारण गटाचा पत्ता कोणा एकाच्या मालकीचा नसतो. विचारले तर उत्तर कोणी द्यायचे? एकाने, सर्वांनी, की आत्ता गटात कोणीच नसेल तर कोणीच नाही? म्हणून इथे विचारपूस सोडून गणिताचा आधार घ्यावा लागला. गटाच्या आयपी पत्त्यातूनच हार्डवेअर पत्ता थेट काढता आला पाहिजे, आणि जगातल्या प्रत्येक यंत्राने तो एकाच रीतीने काढला पाहिजे.

ही गरज पुन्हा स्टॅनफर्डमध्येच जाणवली. प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या गटाने व्ही नावाची कार्यप्रणाली बनवली होती. तीत अनेक संगणकांवरच्या प्रक्रिया एक गट करून एकमेकांशी बोलत आणि त्यासाठी इथरनेटच्या त्याच राखीव बिटाचा उपयोग करत. एका केबलवर सारे सुरळीत चाले. मध्ये राउटर आला की गट तुटे, कारण आयपीला गट हा प्रकारच माहीत नव्हता. चेरिटन यांचे विद्यार्थी स्टीफन डीअरिंग यांनी तो आयपीला शिकवायचे मनावर घेतले. डिसेंबर १९८५ मध्ये दोघांनी पहिला प्रस्ताव लिहिला, जुलै १९८६ मध्ये डीअरिंग यांनी त्याची दुसरी मांडणी केली, मे १९८८ मध्ये तिसरी, आणि ऑगस्ट १९८९ मध्ये १११२ क्रमांकाचा दस्तऐवज आला. तोच आजवर चालत आलेला मूळ ग्रंथ. १९८१ च्या आराखड्यात १११ या तीन बिटांनी सुरू होणारे पत्ते ‘पुढे कधीतरी लागतील’ म्हणून बाजूला ठेवले होते. डीअरिंग यांच्या कामात त्यांतले १११० ने सुरू होणारे पत्ते गटांसाठी ठरले. हा ‘ड’ वर्ग २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत पसरतो. पहिले चार बिट ठरलेले, उरले २८. म्हणजे २६ कोटी ८४ लाखांहून अधिक गट.

राउटरांनी असा निरोप पुढे कसा न्यायचा, यासाठी डीअरिंग यांनी दलाल–मेटकाफ यांची उलट्या वाटेची तपासणी पायाला घेतली आणि तीवर फांद्या छाटण्याची सोय बसवली: ज्या बाजूला गटाचा कोणीच नाही, तिकडे निरोप पाठवायचा नाही. दशकभरापूर्वी ‘सर्वांसाठी’ म्हणून लिहिलेली युक्ती अशी ‘काहींसाठी’ कामी आली.

आणि इथे आपण त्या दोन ओळींच्या नियमापाशी पोचतो. आयपीच्या गटपत्त्यात २८ बिट अर्थाचे आहेत. इथरनेटच्या एका गठ्ठ्यात २४ बिटच मोकळे असतात. सगळे २८ बिट जसेच्या तसे उतरवायचे, तर एकाला एक लागून असलेले सोळा गठ्ठे हवेत. नेटवर्कच्या जाणकारांत एक हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: डीअरिंग यांना असेच सोळा गठ्ठे हवे होते, गठ्ठ्याचा दर एक हजार डॉलर होता, आणि इंटरनेटच्या आकड्यांची वही सांभाळणारे जॉन पोस्टेल यांनी सोळा हजारांऐवजी एका हजाराचा एकच गठ्ठा घेतला, त्यातलाही निम्मा इतर कामांसाठी राखून निम्माच मल्टिकास्टला दिला. हकिगतीतला तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. कागदावर उरलेला निकाल मात्र पक्का आहे: इंटरनेटच्या आकड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयएएनएच्या नावावर ००-००-५ई हा एक गठ्ठा आहे, त्यातला गटाचा बिट एक केला की ०१-००-५ई होते, आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे २३ बिटांत, सारे आयपी मल्टिकास्ट बसवलेले आहे. २८ मधून २३ गेले की ५ बिट उरतात. ते पाच बिट तारेवर उतरताना गळून पडतात.

हे गळणे एकदा जवळून पाहू. समजा गटाचा पत्ता २३९.७०.३७.२१ आहे. पहिला आकडा २३९ पूर्ण सोडून द्यायचा. दुसऱ्या आकड्यातला वरचा एक बिट, ज्याची किंमत १२८ असते, तोही सोडायचा. ७० मध्ये तो मुळातच शून्य आहे, म्हणून ७० तसाच राहिला. आता ७०, ३७ आणि २१ हे सोळाच्या पायावर लिहिले की ४६, २५ आणि १५ होतात. पुढे ठरलेला भाग जोडला की हार्डवेअर पत्ता तयार: ०१-००-५ई-४६-२५-१५. आता दुसरा गट घेऊ, २२४.१९८.३७.२१. पहिला आकडा सोडला. १९८ मधून १२८ गेले, उरले ७०. म्हणजे पुन्हा तोच पत्ता, ०१-००-५ई-४६-२५-१५. पहिला आकडा २२४ ते २३९ पैकी कोणताही असू शकतो, म्हणजे सोळा शक्यता. दुसरा ७० किंवा १९८, म्हणजे दोन. सोळा दुणे बत्तीस. असे बत्तीस वेगवेगळे गट इथरनेटच्या दृष्टीने एकच आहेत. ‘कळंबे’ एवढेच लिहिले तर करवीर तालुक्यातली दोन गावे एक होतात, आणि ‘तर्फ ठाणे’ वाचल्यावरच ती वेगळी निघतात, तसे इथे घडते. गळलेला भाग पॅकेटच्या आत, आयपीच्या पत्त्यात शाबूत असतो. कार्डाने चुकून दुसऱ्या गटाचा निरोप आत घेतला, तरी वरची आयपीची पायरी पूर्ण पत्ता वाचते आणि आपला नसलेला टाकून देते. चूक होते ती कष्टाची. अर्थाची होत नाही.

त्या काळी हा कष्टही किरकोळ वाटला असला तर नवल नाही. १९८० च्या दशकातल्या कार्डांकडे प्रत्येक गटपत्ता जपून ठेवायला जागाच नसे. एएमडीच्या लान्ससारख्या प्रसिद्ध चिपमध्ये ६४ खान्यांची एक चाळणी असे: आलेल्या गटपत्त्यावर गणित करून खाना काढायचा, तो उघडा असेल तर निरोप आत घ्यायचा. ६४ खान्यांत लाखो पत्ते वाटले जात, त्यामुळे नको ते आत येणे हा रोजचाच भाग होता. चाळणीच एवढी जाड असताना पाच बिटांच्या हिशेबाने फारसे बिघडत नव्हते. वरची पायरी पुन्हा तपासते, या एका गोष्टीवर सगळ्यांची भिस्त होती.

बिघडू लागले ते जाळ्यात स्विच आल्यावर. स्विच प्रत्येक तारेला वेगळे धरतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. गटाचा निरोप कोणाकोणाला द्यायचा, हे कळण्यासाठी तो यंत्रांच्या ‘मला या गटात घ्या’ या अर्जांवर कान ठेवतो. हे अर्ज आयजीएमपी या पद्धतीने जातात. तिची पहिली आवृत्ती १९८९ च्या त्याच दस्तऐवजात आहे, दुसरी १९९७ ची आणि तिसरी २००२ ची. पुष्कळ स्विच आपली यादी हार्डवेअर पत्त्याने ठेवतात, आणि तिथे बत्तिसांचे एक होणे जाणवते. त्यातही एक खड्डा मोठा आहे. २२४.०.०.१ ते २२४.०.०.२५५ हे पत्ते राउटरांच्या आपसातल्या बोलण्यासारख्या स्थानिक कामांसाठी राखलेले आहेत आणि स्विच ते सहसा सर्व तारांवर सोडून देतो. आता कोणी आपल्या कॅमेऱ्यासाठी २३९.०.०.५ किंवा २३९.१२८.०.५ असा पत्ता निवडला, तर तारेवर तो राउटरांच्या २२४.०.०.५ शी एकरूप होतो. मग कॅमेऱ्याचे चित्र, ज्यांना नको आहे अशाही प्रत्येक तारेवर वाहू लागते आणि सारे जाळे संथ होते. दोष कॅमेऱ्यात शोधला जातो, स्विचमध्ये शोधला जातो. तो असतो १९८० च्या दशकात वाचवलेल्या बिटांत.

इकडे जगाच्या पातळीवर मल्टिकास्टचा मोठा मोहोर आला आणि ओसरला. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोतल्या अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज एकाच वेळी वीस ठिकाणी ऐकवला गेला आणि त्यातून एमबोन हे जाळ्यावरचे जाळे उभे राहिले. नोव्हेंबर १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमातला काही भाग त्यावरून प्रसारित झाला. उद्याचे दूरदर्शन असेच येणार, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांतून गट सांभाळणे अवघड ठरले, हिशेब कोणी कोणाला द्यायचा हे ठरेना, आणि सार्वजनिक इंटरनेटवर चित्रपट आजही प्रत्येकाला वेगळी प्रत देऊनच पाहिला जातो. ऑगस्ट २०२० च्या एका दस्तऐवजाने तर जाळ्या-जाळ्यांमधल्या जुन्या धाटणीच्या मल्टिकास्टला अधिकृत निरोपच दिला. मल्टिकास्ट टिकले ते एकाच मालकाच्या जाळ्यात: आयपीटीव्हीत, कॅमेऱ्यांत, आणि बाजाराच्या भावांत.

मधल्या काळात इंटरनेट प्रोटोकॉलची नवी आवृत्ती लिहिली गेली. तिच्या दोन मुख्य लेखकांपैकी एक डीअरिंगच होते आणि तेव्हा ते झेरॉक्स पार्कमध्ये काम करत होते. नव्या आवृत्तीत ‘सर्वांना पुकारा’ हा प्रकारच काढून टाकला. शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारायचा तरी तो एका लहान गटालाच विचारला जातो. त्यामुळे गटपत्त्याचे रूपांतर आता प्रत्येक यंत्राच्या रोजच्या व्यवहारात आले. नियमही नव्याने लिहिला. १९९६ मध्ये आलेल्या आणि १९९८ मध्ये सुधारलेल्या दस्तऐवजानुसार पुढे ३३-३३ लिहायचे आणि मागे आयपी पत्त्याचे शेवटचे ३२ बिट जसेच्या तसे ठेवायचे. गठ्ठा विकत घेण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण हे ३३ स्थानिक वापराच्या मोकळ्या पत्त्यांत मोडते. तेच का निवडले, याची नोंद पुढच्या एका दस्तऐवजात आहे: झेरॉक्स पार्कचा टपालाचा पत्ता होता ३३३३, कायोटी हिल रोड. ज्या संस्थेत इथरनेट जन्मले तिचा घरक्रमांक अशा रीतीने जगातल्या प्रत्येक कार्डाच्या चाळणीत जाऊन बसला.

आता मुंबईकडे परतू. राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे व्यवहार सुरू केले तेच उपग्रहाच्या जाळ्यावर. शेअर दलालाच्या कचेरीच्या गच्चीवर व्हीसॅटची तबकडी लागे आणि आकाशातून एकदाच उतरलेला भाव मुंबईत, कोल्हापुरात, नागपुरात सारख्याच हक्काने वाचता येई. एक निरोप, अनेक कान. अलोहाचीच ती रीत. पुढे व्यवहार संगणकांच्या हाती गेले आणि क्षणाचा लाखावा हिस्सा मोलाचा झाला. २०१० मध्ये एनएसईने शेअर दलालांना आपले संगणक बाजाराच्याच आवारात, वांद्रे-कुर्ला संकुलात, ठेवण्याची मुभा दिली. तेथे प्रत्येक हालचालीची माहिती टीसीपीने, म्हणजे ज्याला त्याला वेगळी प्रत देऊन, पाठवली जात असे. वेगळ्या प्रती एकामागून एक निघतात, आणि जो आधी जोडला गेला त्याच्याकडे प्रत आधी जाऊ शकते. २०१४ मध्ये बाजाराने ही माहिती मल्टिकास्टने द्यायला सुरुवात केली. बाजार एकच प्रत काढतो. ती ०१-००-५ई या आरंभाने स्विचमध्ये शिरते आणि स्विच हार्डवेअरच्याच वेगाने ती गटातल्या सर्व तारांवर जवळपास एकाच क्षणी ठेवतो.

जुन्या रचनेवरून पुढे मोठा वाद झाला. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात सेबी या बाजार-नियामक संस्थेने त्या रचनेवर बोट ठेवून एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये सॅट या अपिली न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली आणि काळजीत कसूर झाल्याबद्दल १०० कोटी रुपये गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून सेबीने प्रकरण निकाली काढले. कायद्याचा निवाडा त्यांचा त्यांच्यापाशी. आपल्या मागोव्यात मात्र या वळणाचे महत्त्व मोठे आहे. चेरिटन आणि डीअरिंग यांना गट हवा होता तो विखुरलेल्या प्रक्रियांना जोडण्यासाठी. पोस्टेल यांच्या वहीत त्याला अर्धा गठ्ठा मिळाला तो काटकसरीसाठी. मुंबईत त्याच यंत्रणेकडून न्यायाची अपेक्षा केली गेली. सर्वांना एकदम सांगणे ही तारा वाचवण्याची युक्ती म्हणून निघाली आणि सर्वांना सारखे वागवण्याची अट होऊन बसली. दलाल १९७२ मध्ये ज्या शहरातून निघाले, त्याच शहरात हे घडले.

या सबंध प्रवासातून मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. पत्त्यांची रचना करणारा माणूस पुढच्या तीन पिढ्यांचे काम सोपे किंवा अवघड करून ठेवतो. ज्यांनी १९८० मध्ये एक बिट राखून ठेवला, त्यांनी तेव्हा न दिसणाऱ्या गरजेला जागा दिली; जिथे पाच बिट वाचवले, तिथली उणीव आजही रोज भरून काढावी लागते. वेलणकरांचा पिनकोड आणि दलालांचा ४८ बिटांचा पत्ता ही दोन्ही कामे आपल्या अभ्यासक्रमात शेजारी शेजारी बसली पाहिजेत, कारण दोन्हींत महाराष्ट्राशी नाते असलेल्या माणसांनी एकच अवघड प्रश्न सोडवला आहे. कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयत शिकणाऱ्या मुलांना ती नावे ठाऊक असावीत. आणि जो कोणी उद्या एखाद्या साखर कारखान्यात, रुग्णालयात किंवा सोसायटीत कॅमेऱ्यांचे जाळे घालणार आहे, त्याला एवढेच सांगणे आहे: गटाचे पत्ते २३९ मधलेच घ्या, मधल्या दोन आकड्यांत ०.० आणि १२८.० टाळा, स्विचवर आयजीएमपीची देखरेख चालू करा, आणि दोन गटांत शेवटच्या २३ बिटांत फरक आहे ना, हे कागदावर मांडून पाहा. फरक त्यांच्या वरच्या पाच बिटांत असेल, तर इथरनेटला तो दिसत नाही.